डबक्याची मुदत : बेडूक आणि न मोजलेल्या पाणथळी

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या मागच्या भागाची, मांड्यांलगतची पातळ कातडी तो ओल्या जागेला टेकवतो आणि तिच्यातून पाणी शोषून घेतो. ज्या कातडीतून पाणी आत येते तिच्यातूनच ते बाहेरही जाते, आणि श्वसनाचा मोठा भागही तिच्याचवर अवलंबून असतो. त्याच्या अंड्यांना कवच नसते. उघड्यावर पडलेले अंडे काही वेळात सुकते. अंड्यातून निघणारा बेडूकमासा कल्ल्यांनी श्वास घेतो आणि पाय फुटून शेपूट जिरेपर्यंत बहुधा पाण्यातच राहतो. शरीराची ही घडण पाहता बेडूक तळ्याकाठी, ओढ्याकाठी किंवा दलदलीतच सापडावा, असा समज होणे साहजिक आहे.

प्रत्यक्षात जगातल्या बेडकांच्या ७,००० हून अधिक जातींपैकी असंख्य जाती अशा ठिकाणी राहतात की तिथे पाणी आहे हेच माणसाच्या लक्षात येत नाही. उघडा कातळ, बांबूचे पेर, झाडाची ढोली, हत्तीचे पाऊल उमटलेला खड्डा, खाऱ्या पाण्याचे कांदळवन, गरम झऱ्याचे कढत कुंड, हिमनदी मागे हटल्यावर उरलेले डबके, बंद पडलेली विटांची खाण आणि रोपवाटिकेतली प्लास्टिकची पिशवी ही सगळी बेडकांच्या विणीची ठिकाणे आहेत. त्यांच्यात वरवर काहीच सारखे नाही. पण बेडकाच्या बाजूने हिशेब मांडला की या सर्वांना जोडणारे सूत्र दिसते. पाण्याचा विस्तार त्या हिशेबात दुय्यम ठरतो. पाणी किती दिवस टिकते आणि त्यात शत्रू कोण आहेत, या दोन गोष्टींवर सारे ठरते.

पाण्याची मुदत

बारमाही तळ्यात पाणी भरपूर असते, पण त्यात मासेही असतात. माशांना बेडकाची अंडी आणि बेडूकमासे हे आयते खाद्य आहे. मासे नसले तरी चतुरांच्या अळ्या, पाणढेकूण, पाणकिडे आणि कासवे असतातच. पाणी जितके जुने, तितकी त्यात शिकाऱ्यांची वस्ती दाट. याउलट पावसाने नुकत्याच भरलेल्या डबक्यात शिकारी पोहोचलेले नसतात, ऊन लागून पाणी लवकर तापते, शेवाळ भराभर वाढते आणि त्यावर बेडूकमासे झपाट्याने पोसतात. तिथे धोका एकच, पण तो मोठा असतो. पिल्लांना पाय फुटण्याआधी पाणी आटले तर अख्खी वीण जाते.

या दोन संकटांच्या मधली जागा प्रत्येक जातीने आपापल्या परीने निवडली आहे. उत्तर अमेरिकेतल्या थोराड बुलफ्रॉगच्या बेडूकमाशाला थंड प्रदेशात पूर्ण वाढायला दोन वर्षेही लागतात. त्याला न आटणारे पाणीच हवे. त्याच खंडाच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटात राहणारा काउचचा स्पेडफूट हा बेडूक वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली पुरून घेतो आणि उन्हाळी वादळी पावसाच्या रात्री बाहेर येऊन डबक्यात अंडी घालतो. त्याची पिल्ले आठवडाभराच्या आसपास पाणी सोडून जमिनीवर येऊ शकतात. स्पेडफूट गटातल्या बेडूकमाशांना डबके आटू लागल्याची जाणीव होते, असेही प्रयोगांत आढळले आहे. पाणी कमी होऊ लागले की त्यांच्या शरीरातली ताणाशी निगडित संप्रेरके वाढतात आणि रूपांतराचा वेग वाढतो. घाईने बाहेर पडलेली पिल्ले आकाराने लहान राहतात आणि पुढे जगण्याच्या स्पर्धेत मागे पडतात. ही घाईची किंमत असते. पण पाण्यात राहिली असती तर ती वाचलीच नसती.

म्हणून पुष्कळ बेडकांच्या दृष्टीने चांगली पाणथळ म्हणजे पिल्ले वाढेपर्यंत टिकणारी आणि मासे येण्याआधी आटणारी जागा. या कसोटीला मोठे तळे उतरत नाही, मात्र कातळातला वीतभर खळगा उतरू शकतो.

कातळावरचे पाणी

याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण सह्याद्रीत आणि कोकणात आहे. घाटमाथ्यावर आणि किनाऱ्यालगत जांभ्या दगडाची सपाट पठारे पसरलेली आहेत. कोकणात त्यांना सडे म्हणतात. जांभ्यात लोहाचे प्रमाण अधिक असते, वरचा थर कठीण होतो आणि त्यावर मातीचा जेमतेम पापुद्रा असतो. दिवाळीनंतर हे सडे कोरडे पडतात आणि उन्हाळ्यात कातळ इतका तापतो की त्यावर पाय ठरत नाही. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की त्याच कातळावर काही दिवसांत पाण्याची अनेक रूपे तयार होतात : बोटभर खोलीचे खळगे, घोट्याएवढी डबकी, गवताळ दलदल, आणि दगडावरून सतत झिरपणारा पाण्याचा पातळ थर. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत २०१२ साली आलेले साताऱ्याचे कास पठार फुलांसाठी प्रसिद्ध आहे. पण त्या फुलांना पोसणारी ओल हीच उभयचरांचीही ओल आहे.

या सड्यांशी बांधल्या गेलेल्या दोन टोड जाती फक्त सह्याद्रीच्या उत्तर भागात आढळतात. त्यांतल्या कोयना टोडचे वर्णन १९६३ साली झाले. आंबोलीच्या सड्यावरच्या टोडला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली ती २००९ मध्ये. त्या वेळी या दोघांसाठी झँथोफ्रायनी हा नवा वंशही मांडला गेला. आंबोली टोडच्या कुशीवर वाघासारखे पट्टे असतात, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात टायगरिना हा शब्द आला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत आंबोली टोड अतिसंकटग्रस्त आणि कोयना टोड संकटग्रस्त गटात मोडतो.

आंबोली टोडची वीण पावसाळ्याच्या सुरुवातीला, थोड्या काळात, घाईने उरकते. नर कातळावरच्या उथळ डबक्यांपाशी जमतात आणि मादी त्या पाण्यात थोडीशीच अंडी घालते. घरांच्या आसपास आढळणारा सामान्य भारतीय टोड एका वेळी हजारो अंड्यांच्या लांबलचक माळा सोडतो. त्या मानाने ही वीण फारच मोजकी म्हणायची. उथळ पाणी उन्हाने लवकर तापते आणि पिल्ले लवकर वाढतात, हा या जागेचा फायदा. पण पहिल्या सरींनंतर पावसाने ओढ दिली, की खळगा दोन-तीन दिवसांत कोरडा पडतो आणि आतली अंडी वाळून जातात. पाऊस वर्षाला किती मिलिमीटर पडला, यापेक्षा दोन सरींमध्ये किती दिवसांचा खंड पडला, यावर या प्राण्याचे वर्ष ठरते.

पावसाळा संपल्यावर प्रौढ प्राणी जातात कुठे, हा प्रश्न पाण्याइतकाच महत्त्वाचा आहे. कातळातल्या भेगा आणि सड्यावर सुटे पडलेले दगड हा त्यांचा आसरा. दगडाखाली ओल टिकते आणि तापमान बाहेरच्यापेक्षा कमी राहते. त्यामुळे सड्यावरचे सुटे दगड गोळा करून गडगे घातले किंवा हौसेने दगड उलटेपालटे केले, तर वरून काहीच बिघडलेले दिसत नाही. प्रत्यक्षात प्राण्यांचे आठ महिन्यांचे घर गेलेले असते.

कातळावरून झिरपणाऱ्या पाण्याच्या थराचाही एक रहिवासी आहे. लीथचा बेडूक माथेरानच्या नमुन्यांवरून १८८८ साली शास्त्राला माहीत झाला. त्याचे बेडूकमासे डबक्यात पोहत नाहीत. ते ओल्या दगडाच्या उभ्या-आडव्या पृष्ठभागाला चिकटून असतात आणि त्यावरचे शेवाळ खरवडून खातात. त्यांची शेपटी लांब व बळकट असते, तिच्यावरचा पडदा अरुंद असतो, डोळे वर आलेले असतात आणि मागचे पाय इतर बेडूकमाशांच्या मानाने लवकर फुटतात. चाहूल लागली की ते दगडावरून उड्या मारत निसटतात. पाण्याचा हा थर इतका पातळ असतो की त्यात मासा शिरूच शकत नाही. उभ्या कड्यावरचा ओला डाग हीसुद्धा एक पाणथळ आहे, असे या जातीमुळे म्हणावे लागते.

सरकारी नोंदींत असे सडे बहुतेक वेळा खडकाळ पडीक जमीन म्हणून दाखवले जातात. जमीन पडीक ठरली की तिचा उपयोग करणे हेच शहाणपण वाटू लागते. जांभ्याचे चिरे काढण्यासाठी खाणी होतात. आंब्या-काजूच्या बागांसाठी सुरुंग लावून कातळ फोडतात आणि खड्ड्यांत बाहेरची माती भरतात. पठारावर रस्ते, पवनचक्क्या आणि वसाहती उभ्या राहतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या सड्यांवर अलीकडे झालेल्या संशोधनाने यातला एक बारकावा पुढे आणला. सड्याचे रूपांतर भातशेतीत किंवा बागेत झाले की सगळेच बेडूक जातात असे नाही. सर्वत्र आढळणाऱ्या काही जाती भातशेतीत उलट वाढतात. कमी होतात त्या फक्त या भागातच आढळणाऱ्या जाती, ज्यांत २०१७ मध्ये आंबोलीहून वर्णन झालेला एक लहानसा, बिळे करणारा बेडूकही आहे. म्हणून रात्री बेडकांचा आवाज ऐकू येतो, एवढ्यावरून सडा सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. आवाज कोणत्या जातीचा आहे, हे पाहावे लागते.

झाडाच्या पोटातले पाणी

पावसाच्या जंगलात जमिनीखेरीज झाडांवरही पाणी साठलेले असते. फांदी मोडून पडलेली ढोली, मुळांच्या पडद्यांमधली खोबण, पानांच्या बेचक्यातली वाटी आणि बांबूचे पोकळ पेर यांत ते जमते. मासा तिथे पोहोचत नाही. अडचण वेगळी असते : जागा अपुरी, अन्न तुटपुंजे आणि प्राणवायू कमी. त्यामुळे अशा ठिकाणी वाढणाऱ्या जातींत आईबापांची देखभाल हा जगण्याचा मुख्य आधार बनतो.

मध्य अमेरिकेतल्या स्ट्रॉबेरी विषारी बेडकाची मादी प्रत्येक बेडूकमाशाला पाठीवर घेऊन झाडावर चढते, ब्रोमेलियाच्या पानांच्या वाटीत सोडते आणि काही दिवसांच्या अंतराने तिथे परत येऊन न फळलेली अंडी त्याला खायला घालते. दुसरे अन्न त्या वाटीत जवळजवळ नसतेच. बोर्निओच्या जंगलात ढोलीत राहणाऱ्या एका छोट्या बेडकाने हीच जागा आवाजासाठी वापरली आहे. ढोलीत अर्धवट पाणी असते आणि ते कमीजास्त होते, तसा तिचा नादही बदलतो. नर आपल्या आवाजाची पट्टी बदलत राहतो आणि ढोली ज्या पट्टीला सर्वाधिक घुमते ती सापडली की त्याच पट्टीत ओरडतो. हे संशोधन २००२ साली नेचर या नियतकालिकात आले. तिथे ढोली हे घर, पाळणा आणि वाद्य असे तिन्ही आहे.

पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाला, तामिळनाडूतल्या कळक्काड-मुंडनतुराई व्याघ्र प्रकल्पात बांबूचा असा वापर करणारा बेडूक अभ्यासला गेला आहे. राओर्चेस्टीस चॅलाझोडीस हा हिरवा, इवलासा बेडूक दीर्घकाळ दिसलाच नव्हता. या शतकात तो पुन्हा सापडला आणि त्याची वीण उभ्या, जिवंत बांबूच्या पेरात होते हे कळले. पेराला कीटकांनी किंवा इतर कारणांनी पडलेल्या बारीक फटीतून नर अंग चोरून आत शिरतो आणि आतूनच मादीला हाक घालतो. मादी आतल्या भिंतीवर मोजकी अंडी घालून निघून जाते. राखण नर करतो. या गटात बेडूकमाशाची अवस्था मोकळ्या पाण्यात जातच नाही. अंड्यातच सारी वाढ होते आणि बाहेर येतो तो पूर्ण घडलेला छोटा बेडूक. महाराष्ट्रातल्या घाटात पावसाळी रात्री झुडपांमधून टकटक आवाज करणारे राओर्चेस्टीस बेडूकही याच पद्धतीने, डबक्याशिवाय वाढतात. त्यांना पाण्याऐवजी दमट हवा पुरते. आणि हवा दमट ठेवायची तर झाडांचा आच्छादलेला पट्टा लागतो. बांबूतल्या बेडकाला तर पुढचीही अट आहे : फट पडलेला, जुना, उभा बांबू. कागदासाठी किंवा टोपल्यांसाठी बांबूची सरसकट तोड वीण चालू असताना झाली, तर जंगल नकाशावर जंगलच राहते आणि बेडकाचे घर मात्र जाते.

अंदमान बेटांवरचा चार्ल्स डार्विनचा बेडूक याच मालिकेतला आहे. तो झाडाच्या बुंध्याशी आणि खोडात पाणी साठलेल्या पोकळ्यांत वितो. नर-मादी पाण्यातून वर येऊन पोकळीच्या भिंतीला उलटे, डोके खाली करून चिकटतात आणि अंडी पाण्याच्या वर भिंतीवर घालतात. बेडूकमासे बाहेर पडले की खालच्या पाण्यात गळून पडतात. ही उलटी वीण अलीकडच्या काळात तपशिलाने नोंदली गेली आहे. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट समोर आली. जिथे जंगल विरळ झाले आहे, तिथे हे बेडूक रोपवाटिकेतल्या पाणी साचलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत आणि टाकून दिलेल्या डब्यांत अंडी घालू लागले आहेत.

जमिनीवर झाडाच्या ढोलीची जागा कधी हत्ती भरून काढतो. म्यानमारमध्ये हत्तीच्या पावलांनी पडलेल्या खड्ड्यांत साठलेल्या पाण्यात बेडकांची अंडी आणि बेडूकमासे सापडले. हे खड्डे जंगलाच्या वाटेवर ओळीने पडलेले असतात आणि कोरड्या दिवसांत, जेव्हा आसपास दुसरे पाणी नसते, तेव्हाही काही काळ टिकतात. मोठ्या प्राण्याच्या नुसत्या वावरण्याने लहान प्राण्यांसाठी पाणथळ तयार होते, याची ही सरळ नोंद आहे.

खारट, कढत आणि गोठते पाणी

आतापर्यंतच्या जागा आकाराने अनपेक्षित होत्या. काही जागा पाण्याच्या गुणामुळे अनपेक्षित ठरतात. समुद्राचे पाणी बेडकाला मारक असते. बेडकाच्या अंगातल्या द्रवात क्षारांचे प्रमाण समुद्राच्या पाण्याच्या सुमारे चौथ्या हिश्शाइतके असते, म्हणून खाऱ्या पाण्यात गेल्यास त्याच्या अंगातले पाणी कातडीतून बाहेर ओढले जाते. दूरच्या सागरी बेटांवर बेडूक का नसतात, याचे कारण डार्विननेही हेच दिले होते. त्याच्या उत्क्रांतीवरच्या ग्रंथाच्या नंतरच्या आवृत्तीत अपवाद म्हणून दिलेल्या बेटांत अंदमानही आहे.

आग्नेय आशियाच्या कांदळवनांत राहणारा खेकडेखाऊ बेडूक या नियमाला बगल देतो. त्याच्या शरीराची कार्यपद्धती १९६१ साली थायलंडमधल्या बेडकांवरच्या अभ्यासातून उलगडली. हा बेडूक युरिया मूत्रावाटे टाकून न देता रक्तात साठवतो. रक्त बाहेरच्या पाण्याहून किंचित घट्ट राहते, त्यामुळे पाणी बाहेर जाण्याऐवजी आत येते. शार्क मासे हीच युक्ती वापरतात. प्रौढ बेडूक २.८ टक्के क्षारांपर्यंतचे पाणी सोसतो. समुद्राचे पाणी साधारण ३.५ टक्के असते. त्याचे बेडूकमासे तर ३.९ टक्क्यांपर्यंत टिकतात, पण ते युरियाच्या वाटेने जात नाहीत; माशांप्रमाणे कल्ल्यांतून जादा क्षार बाहेर टाकतात. एकाच प्राण्याने आयुष्याच्या दोन टप्प्यांत दोन वेगळे उपाय वापरावेत, हे दुर्मीळ आहे. मात्र बेडूकमाशाचा बेडूक व्हायची वेळ आली की त्याला पाऊस लागतो. डबक्यातले खारेपण कमी झाल्याखेरीज ते रूपांतर पुरे होत नाही. भरतीच्या पाण्यातही शेवटी हिशेब पावसाच्या मुदतीवरच येतो. या बेडकाचे जवळचे भाऊबंद भारताच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कांदळवनांत आणि अंदमानात आहेत.

जपानच्या दक्षिणेकडच्या कुचिनोशिमा या ज्वालामुखी बेटावर ब्युर्गेरिया वंशातल्या, ओढ्यात राहणाऱ्या झाडबेडकाचे बेडूकमासे गरम पाण्याच्या झऱ्यांत पोहताना आढळले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या नोंदीनुसार ते ४६.१ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात होते. इतक्या गरम पाण्यात बहुतेक बेडूकमासे तग धरत नाहीत. दुसऱ्या टोकाला पेरूच्या अँडीज पर्वतातली व्हिल्कानोटा रांग आहे. तिथे हिमनद्या मागे हटल्या आणि त्यांच्या जागी डबकी तयार झाली. काही दशकांतच बेडूक चढून त्या नव्या पाण्यात पोहोचले. ५,२४४ ते ५,४०० मीटर उंचीवर त्यांच्या तीन जातींच्या नोंदी २००७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांच्या पाठोपाठ कायट्रिड बुरशीही त्या उंचीवर पोहोचली होती. बेडकांच्या कातडीला ग्रासणाऱ्या या बुरशीने जगभर अनेक जाती संपवल्या आहेत. नवी जागा मिळाली म्हणून जुने संकट टळत नाही, हे त्या डबक्यांत स्पष्ट दिसले.

माणसाने केलेल्या पाणथळी

बेडकांच्या वापरातली सर्वांत विस्तीर्ण कृत्रिम पाणथळ म्हणजे भातखाचर. बांध घालून अडवलेले उथळ पाणी, मऊ चिखल, भरपूर किडे आणि काही महिन्यांनी येणारा कोरडा काळ, या चारही गोष्टी बेडकाला मानवतात. पहिल्या मोठ्या पावसात पिवळेधमक होऊन, निळे गळे फुगवून ओरडणारे मोठे बेडूक भारतीय बुलफ्रॉगचे नर असतात. तंगड्यांच्या निर्यातीसाठी त्यांची प्रचंड प्रमाणात धरपकड होत असे. भारताने १९८७ साली ही निर्यात बंद केली. गोव्यात आणि कोकणात खाण्यासाठी चोरून होणारी पकड मात्र त्यानंतरही सुरूच राहिली. हाच बेडूक अंदमानात माणसाबरोबर पोहोचला आणि तिथे उपद्रवी ठरला. त्याचे मांसाहारी बेडूकमासे डबक्यातल्या स्थानिक जातींच्या पिल्लांचा फडशा पाडतात. एकाच प्राण्याचे मोल ठिकाणाप्रमाणे कसे बदलते, याचा हा दाखला आहे.

सिडनीतल्या होमबुश बे भागात विटांसाठी माती काढलेली एक मोठी खाण बंद पडून होती. २००० सालच्या ऑलिंपिकसाठी तो परिसर विकसित करताना त्या खाणीत हिरव्या-सोनेरी बेल बेडकांची वस्ती सापडली. ही जात मूळच्या बऱ्याच जागांतून नाहीशी झाली होती. खाणीच्या जागी ठरलेले टेनिस केंद्र दुसरीकडे हलवण्यात आले, पाणी जपण्यात आले आणि लोकांना वरून पाहता यावे म्हणून २००५ मध्ये खाणीवर वर्तुळाकार मार्ग उभारला गेला. उद्ध्वस्त, औद्योगिक जागेत हा बेडूक का टिकला, याचे उत्तर बहुधा पाण्याच्या गुणात आहे. पाण्यातले थोडे खारेपण आणि ऊब कायट्रिड बुरशीला मानवत नाही. २०२४ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी याच जातीवर उबेचा उपाय करून दाखवला. उन्हात तापणाऱ्या छोट्या हरितगृहांत भोके असलेल्या विटा रचल्या, बेडूक त्या उबदार भोकांत जाऊन बसले आणि संसर्ग कमी झाला. बरे झालेले बेडूक पुढच्या संसर्गाला अधिक प्रतिकार करू लागले.

तैवानमध्ये पावसाच्या पाण्याच्या काँक्रीट गटारांत बसून ओरडणाऱ्या झाडबेडकांवर २०१४ साली अभ्यास प्रसिद्ध झाला. गटारातून येणारी साद बाहेरच्यापेक्षा मोठी आणि लांब असते, म्हणून नर ती जागा पसंत करतात. आपल्याकडे सामान्य झाडबेडूक सिमेंटच्या टाक्यांच्या आणि हौदांच्या कडेला फेसाचे घरटे लावतो. फेस वाळून वरून घट्ट होतो, आत अंडी ओली राहतात आणि पिल्ले खालच्या पाण्यात पडतात.

अशा जागांचे स्वागत सरसकट करता येत नाही. टाकी गच्च भरलेली नसेल तर तिची गुळगुळीत उभी भिंत लहान बेडकांना चढता येत नाही आणि रूपांतर होऊनही ते आत बुडतात. रोपवाटिकेतली पिशवी पिल्ले वाढण्याआधी रिकामी केली जाते. कीटकनाशक फवारलेल्या खाचरात पाणी दिसते, पण अन्न नसते. पाण्याची खूण ओळखून बेडूक तिथे येतो, अंडी घालतो आणि वीण वाया जाते. अशी जागा नुसती निरुपयोगी राहत नाही; आसपासचे बेडूक आपल्याकडे ओढून ती त्यांची संख्या घटवते. माणसाने केलेली पाणथळ बेडकाला तारते की फसवते, हे तिथून किती पिल्ले पाय फुटून बाहेर पडली यावर ठरते. किती अंडी घातली गेली यावर नाही.

मोजणी आणि संरक्षण

जगातल्या उभयचरांपैकी सुमारे ४१ टक्के जाती नष्ट होण्याच्या धोक्यात आहेत, असा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यात आहे. अधिवासाचा नाश हे त्यामागचे एक प्रमुख कारण. पण नाश मोजायचा तर अधिवास आधी नोंदलेला असावा लागतो.

इराणमधल्या रामसर येथे १९७१ साली झालेल्या करारात पाणथळीची व्याख्या बरीच व्यापक आहे : नैसर्गिक वा कृत्रिम, कायम वा तात्पुरते, साचलेले वा वाहते, गोडे वा खारे पाणी तिच्यात येते. भारताच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी हीच शब्दरचना घेतली, मात्र नदीचे पात्र, भातखाचरे, आणि पिण्याचे पाणी, मत्स्यशेती, मीठ, करमणूक व सिंचन यांसाठी बांधलेले साठे वगळले. राष्ट्रीय पाणथळ नकाशात २.२५ हेक्टरांहून मोठ्या जागा आकारासह दाखवल्या गेल्या; त्याहून लहान साडेपाच लाखांवर जागा नुसत्या ठिपक्यांनी. महाराष्ट्रातली नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी ही रामसर स्थळे आहेत आणि त्यांचे महत्त्व निर्विवाद आहे. पण कातळावरचा खळगा, ओला कडा, बांबूचे पेर किंवा ढोली यांतले काहीच ठिपका म्हणूनही नकाशावर येऊ शकत नाही. उपग्रहाला ते दिसत नाही आणि उन्हाळ्यात पाहणी केली तर माणसालाही दिसत नाही.

लहान पाणथळही राखता येते, याचे उदाहरण सिंधुदुर्गात आहे. दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे येथील रानजायफळाच्या झाडांची दलदल गावाने देवराई म्हणून सांभाळली होती. २०२१ साली तिला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. क्षेत्र तीन हेक्टरांहूनही कमी आहे. तिथे संरक्षण आधी गावाकडून आले, सरकारी शिक्का नंतर बसला.

सड्यांच्या आणि डबक्यांच्या बाबतीतही सुरुवात गावातूनच होऊ शकते, कारण कोणता खळगा कधी भरतो आणि कधी आटतो हे गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना ठाऊक असते. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे काम आहे. त्या नोंदवहीत प्राण्या-वनस्पतींच्या यादीबरोबर गावातल्या हंगामी पाण्याच्या जागा, त्या भरण्याचा व आटण्याचा महिना आणि तिथे ऐकू येणारे बेडूक यांची नोंद व्हावी. चिरेखाणीला, बागेला किंवा रस्त्याला परवानगी देण्यापूर्वीची पाहणी मे महिन्यात न होता पावसाळ्यात व्हावी. सड्यावरचे सुटे दगड जागेवर राहावेत, टाक्यांना आणि हौदांना आतून एक उतरती फळी किंवा खडबडीत कड असावी, आणि बांबूतोडीचे वेळापत्रक ठरवताना विणीचे महिने वगळले जावेत. यांतल्या कोणत्याही गोष्टीला मोठा खर्च येत नाही. जमीन कोरडी असताना तिला पडीक ठरवण्याची सवय मात्र सोडावी लागेल.